वर नाव नसलेली कॅसेट

"कंपनीची कॅसेट सोडून लोक तुमच्याकडं गाणी का भरून घेतात हो?" मैत्रिणींनी पैज लावली म्हणून रश्मीनं तिसगावच्या कॅसेटवाल्याला ठणकावून विचारलं.

"कंपनी देईल तीच गाणी ऐकायची व्हय? इथं आपल्या आवडीची मिळत्यात. तूही घरातली जुनी कॅसेट दिलीसच की भरायला!"

मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. तेवढ्यात एक म्हातारा हातात कॅसेट घेऊन पुढं सरकला.

"मालक, हिच्यात आमच्या कारभारणीच्या, भागिरथीच्या ओव्या हुत्या. ती गेली, आन् आता हिच्यात नुसता शिनेमा वाजतुया."

"आजोबा, तुमच्या सूनबाईंनीच दिली होती भरायला."

"तिला वाटलं, कोरीच हाय. वर नाव न्हवतं."

"जपायची कॅसेट असली की तिच्या पाठीमागचे ते दोन प्लास्टिकचे तुकडे मोडायचे असतात. मग मशीन वर भरतच न्हाई."

"मला काय ठावं? खालचं तेवढं काढून द्या."

"वर भरलं की खालचं पुसतं, आजोबा."

"थोडं आसंल की. तिचं खोकनं तरी?"

 रश्मीच्या कॅसेटवरही नाव नव्हतं.

"भाऊ, माझी कॅसेट?"

"मशीनमध्ये हाय. एक गाणं झालं भरून."

"बंद करा! आधी बंद करा!"

घरी आल्यावर तिनं कॅसेट आईअण्णांपुढं ठेवली. मागचे दोन्ही तुकडे तिनं वाटेतच मोडले होते. दरवर्षी जयंतीला गाणाऱ्या अण्णांना घशाच्या ऑपरेशनपासून बोलताही येत नव्हतं. आईनं कॅसेट लावली, तसा सिनेमाच्या एका गाण्यानंतर अण्णांचा जुना आवाज घुमला.

"अण्णा, तुमचं पहिलं गाणं माझ्यामुळं पुसलं. उरलेली मी पाठ करणार, आणि यंदा जयंतीला मीच गाणार."