झिपरूबाबांचा चिरा

वाचकहो, नाशिकच्या बसस्थानकात पेठच्या गाडीची प्रतीक्षा करताना झिपरूबाबा व पुतळाबाई या वृद्ध दांपत्याचे जे संभाषण माझ्या कानी आले, ते मी आपणांपुढे नम्रपणे सादर करीत आहे.

“पुतळे, मी मेल्यावं शिवंला माझ्या आठवनीचा चिरा उभा करा. दगड सांगून आलोय. लय गुळगुळीत.”

“त्यापरीस झऱ्यावर पायरी बसवा. बाया हंड्यासकट घसरत्यात.”

“मंग माझं नाव कोन घेईल?”

“ऐकाया तुमी असनार हाय का?”

“नाव कोरलं तं त्याच्यावं पाय पडंल.”

“कोरूच नका.”

“बिननावाची पायरी?”

“उठा, गाडी लागली.”

“जाऊ दे गाडी. पाथरवटाला सांगून येतो, दगड खडबडीतच ठेव.”

वाचनाचे कष्ट घेतलेत, आभारी आहे.
आपला, धोंडीराम गांगुर्डे