संत रेपारातेची करंगळी

या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या शिल्पी बंधुसंघाचे प्रायॉर मेस्त्रो जेर्वासिओ. कामाच्या धबडग्यातून सवड काढून व्यासपीठावर येऊन बसलेले मोन्सिन्योर फोर्मिचेल्ली. आजचे सत्कारमूर्ती मेस्त्रो तार्कीनिओ बोनावेरी. त्यांच्या सहधर्मचारिणी सोरा ऑर्तेन्सिआ. आणि बाकांवर बसलेल्या, भिंतीला टेकलेल्या, व फ्रास्काती वाइनच्या पिंपाजवळ अगोदरच जागा धरलेल्या माझ्या बंधूंनो,

आपणा सर्वांना नेरिओ गास्पार्दीचा आदरपूर्वक नमस्कार.

या माणसाच्या निरोपाला दोन शब्द बोलायला मला उभं केलं, याचं आपल्याला नवल वाटलं असेल. मलाही वाटलं. उभी हयात आम्ही एकाच गल्लीत दगड फोडला आणि आम्हा दोघांमधून कधी विस्तव गेला नाही. त्याला काम मिळालं की मला जेवण जात नसे, आणि माझं काम पाहायला आला की हा पुतळ्याऐवजी छताकडे बघायचा. तेव्हा निवड करणाऱ्यांच्या धाडसाला माझा सलाम.

मघाशी पायऱ्या चढताना प्रायॉरसाहेबांनी माझं कोपर धरलं. म्हणाले, "नेरिओ, गोड बोल हं. त्या नावाड्यांच्या चर्चचा विषय तेवढा काढू नकोस." मी "बरं" म्हणालो. बरं म्हणजे ऐकलं. एवढाच त्याचा अर्थ होता, साहेब.

कारण काढायचा नाही म्हटलं तर आज बोलायचं तरी काय? मेस्त्रो उद्या सकाळी होडीने निघतात, करारा गावाला, लेकीकडे. ज्या डोंगरातून आयुष्यभर दगड आला, त्याच्या पायथ्याशी राहायला. आमच्या वयाला कुणी रोमला परत येत नसतं. या शहरात त्यांचे पुतळे किती आहेत ते मी मोजत बसत नाही, मला त्रास होतो. पण प्रत्येकाच्या पायाशी त्यांचं नाव आहे. एकीच्या पायाशी नाही. आणि ती सगळ्यांत सुंदर आहे. नावाड्यांच्या चर्चमधली संत रेपाराता. कोनाड्यात उभी, वाऱ्याने ओढणी उडालेली, उजवा हात गळ्याशी नेलेला. परगावचे लोक विचारतात, ही कुणाची? तिथला सेवेकरी सांगतो, "असेल कुणा जुन्या माणसाची." हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. ऐकून मला राग आला, आणि या माणसासाठी मला राग यावा याचा आणखी राग आला.

नाव का नाही, हे या सभागृहातल्या प्रत्येकाला माहीत आहे. पण पूर्ण हकिकत फक्त तिघांना. त्यातले दोन समोर बसलेत, आणि सोरा ऑर्तेन्सिआ आत्ताच मला डोळ्यांनी दटावताहेत. माफ करा बाईसाहेब, आज नाही ऐकणार.

इथल्या तरुणांना सांगायला नको, सुटी बोटं कोरली की आपण त्यांना टेकू ठेवतो. बोट आणि अंगाच्या मधे दगडाचाच एक पूल. पुतळा गाडीवरून जाईपर्यंत, वर चढेपर्यंत तो तसाच ठेवायचा, आणि जागेवर बसला की मगच कापायचा. शेवटचा तो काप घडवणाऱ्याच्याच हाताने व्हायला हवा. दुसऱ्याच्या हाताने झाला तर पुतळ्यावर नाव घालायचं नाही. हा आपल्या संघाचा नियम, आपल्या आजोबांच्याही आधीचा.

रेपारातेच्या करंगळीपासून गळ्यापर्यंत असा एक टेकू होता. पुतळा कोनाड्यात चढला सणाच्या आदल्या दिवशी. तोवर तो घडवून घेणाऱ्या कार्दिनलसाहेबांचा धीर सुटला होता. मोन्सिन्योर, आपल्या काकांबद्दल मला नितांत आदर आहे, पण वाट पाहणं हा त्यांचा गुण नव्हता. त्यांनी सांगून टाकलं होतं, सणाच्या संध्याकाळच्या प्रार्थनेला संत मोकळी दिसली नाही, तर ती खाली उतरेल आणि गास्पार्दीची वर चढेल. होय, माझी. माझी रेपाराता माझ्या अंगणात तयार उभी होती. दोर बांधायचे तेवढे बाकी होते.

आणि सणाच्या दिवशी दुपारी सोरा ऑर्तेन्सिआ माझ्या दारात. आयुष्यात पहिल्यांदा.

"सोर नेरिओ, चला. ते बोलावताहेत."

"कशाला? मेला का?"

"मेले असते तर न बोलावताच आला असतात तुम्ही. आज त्यांच्या तापाची पाळी आहे."

तिजारा ताप. एक दिवस सोडून यायचा, आणि नेमका सणावर आला. मी परांचीवर चढलो. भोवती पडदे लावलेले होते. आत हा गृहस्थ भिंतीला पाठ लावून बसलेला, दोन घोंगड्या पांघरून, आणि दात असे वाजताहेत की मला वाटलं खाली कुणी दगडाला टाकी मारतंय. मी म्हणालो, "तुझे शिष्य कुठे गेले? चौघं चौघं पोसतोस ना?"

तर म्हणाला, "पोरांचा माझ्यावर जीव आहे, नेरिओ. त्यांचा हात कापेल. तुझा नाही कापणार."

बंधूंनो, माझ्या कामाची याहून मोठी तारीफ कुणी केलेली नाही, आणि याहून मोठा अपमानही.

मी म्हणालो, "बोट मोडलं तर कोनाडा मला मिळेल. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. म्हणूनच तू जपून करशील. मुद्दाम मोडलं असं लोक म्हणतील, ते सोसण्याइतका तू निगरगट्ट नाहीस."

दोरीचा सामता, म्हणजे दोरीने फिरवायचं गिरमिट, एकट्याने चालत नाही, हे आपण जाणता. एकाने टोक धरायचं, दुसऱ्याने दोरी ओढायची. दोरी कोण ओढणार? बाईंनी बाह्या वर केल्या. पाथरवटाची लेक. लहानपणी बापाची दोरी ओढलेली. बोटांच्या फटींत मेण आणि चिंध्या भरून झाल्या, आणि आम्ही लागलो. खाली खुर्च्या मांडल्याचे आवाज. कार्दिनलसाहेब आले, बसले. त्यांचा खोकला मी ओळखला.

आता ऐका. टेकू बारीक होत गेला की दगडाचा आवाज चढतो. जाड असतो तोवर घरघरतो, मग गुणगुणतो, आणि तुटायच्या आधी चक्क किंचाळतो. तो गुणगुणायला लागला होता. सामत्याचं टोक निम्म्याहून अधिक आत. आणि तेवढ्यात डोक्यावर घंटा सुरू झाली.

घंटा वाजवणाऱ्याला थांब म्हणून सांगायचं कुणालाच सुचलं नव्हतं. सगळे पुतळ्याच्या काळजीत. सणाची घंटा ती, थोडक्यात कशी थांबेल? भिंत हादरत होती, परांची हादरत होती, आणि मी हातात धरलेलं ते टोक दगडात अडकलेलं. ओढून काढलं तर करंगळी जाणार. तसंच धरलं तर प्रत्येक ठोक्याला ते आत चरत जाणार. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी दोरी सैल सोडली नव्हती, ताणलीही नव्हती. ओठ पांढरे पडले होते.

तेव्हा हा उठला. उभं राहता येत नव्हतं, गुडघ्यांवर आला. घोंगड्या टाकल्या, आणि रेपारातेचं मनगट दोन्ही हातांनी छातीशी धरलं, आजारी लेकराला धरावं तसं. मी दात खाऊन म्हणालो, "अरे, तू थरथरतोयस, लांब हो." त्याने पकड आणखी घट्ट केली. आणि सांगतो, जोवर ते मनगट त्याच्या हातात होतं, तोवर तो थरथरला नाही. ताप कुठे गेला होता ते देव जाणे. 

त्या घंटेत माझ्या मनात काय आलं, हेही सांगून टाकतो. आलं, की यात माझा काहीही दोष नसता. भिंत हलली, दगड तुटला, संपलं. कुणी बोट दाखवलं नसतं. मला फक्त पकड जराशी ढिली सोडायची होती.

घंटा थांबली. बाईंनी दोरी ओढली. दगड किंचाळला आणि टेकू माझ्या तळहातात पडला. करंगळी जागच्या जागी होती. हा तिथेच आडवा झाला आणि पुन्हा दात वाजायला लागले.

पडदा उघडला. कार्दिनलसाहेब उठून उभे राहिले. म्हणाले, "बोनावेरी, धन्य आहे तुझा हात." आता सांगा, गप्प बसायला काय हरकत होती? आत आम्ही तिघंच. मी बोलणार नव्हतो, बाई बोलणार नव्हत्या. आणि हा शहाणा, कठड्याला धरून उभा राहत भर सणात सांगतो, "शेवटचा काप माझा नाही, साहेब. गास्पार्दीचा आहे."

खाली पहिल्याच बाकावर संघाची मंडळी बसलेली. दुसऱ्या दिवशी सभा भरली आणि नियम खड्या आवाजात वाचला गेला. प्रायॉरसाहेब, तेव्हा आपण चिटणीस होता. आपला आवाज तेव्हाही असाच चांगला होता.

मी याला गल्लीत गाठलं. "मूर्खा, गप्प का नाही राहिलास?" तर काय म्हणावं याने? "तुझे उपकार घेऊन मरण्यापेक्षा नाव गेलेलं परवडलं." आणि छताकडे, म्हणजे आभाळाकडे बघत निघून गेला.

अध्यक्षमहाराज घड्याळाकडे पाहताहेत, भाजलेल्या कोकराचा वास इथवर आलाय, मी आवरतं घेतो. नियम बदला असं सांगायला मी उभा नाही. नियम बदलायचा तर सभा बोलवावी लागेल, सभेत भांडण होईल, आणि तोवर याची होडी समुद्राला लागलेली असेल. म्हणून आज सकाळी मी नावाड्यांच्या चर्चमध्ये गेलो. सेवेकऱ्याला म्हटलं, कोळिष्टकं काढतो. शिडी लावली. आणि रेपारातेच्या पायाशी कोरलं, 'तार्कीनिओ बोनावेरी याने घडवली.' अक्षरं खोल घेतली आहेत. घासून निघायची नाहीत, तासायला जाल तर तिचा अंगठा जाईल. माझं नाव तिथे नाही. काप माझा असेल, रेपाराता त्याची आहे.

दुसऱ्याच्या दगडाला विनापरवानगी टाकी लावली तर संघातून नाव कमी होतं आणि मयतीला संघाच्या मेणबत्त्या येत नाहीत, हाही नियम मला पाठ आहे. साहेब, तो मात्र आज वाचू नका. उद्या वाचा. मी येईन.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, संघाने ही संधी दिली, सोरा ऑर्तेन्सिआंनी शेवटपर्यंत मला अडवलं नाही, या सर्वांचे मी मनापासून आभार मानतो. बोलण्याच्या ओघात अनवधानाने काही चुकलं असेल तर वक्ते क्षमा मागतात. माझ्याकडून अनवधानाने काहीही झालेलं नाही, पण क्षमा मागायची पद्धत आहे, म्हणून मागतो.

तार्कीनिओ, खाली बस. आणि डोळे पूस, लोक बघताहेत. उद्या होडी त्या चर्चवरूनच जाते. दोन मिनिटं उतर आणि बघून जा. छताकडे नको, पायाकडे बघ.