पडदा शाबूत आहे

हिमायतनगरच्या दवाखान्यात वंदना डोळ्यांत थेंब घालून, डोळे मिटून बाकावर बसली होती. तिला शुगर होती आणि आज काय निघतंय याची धास्ती होती. तेवढ्यात डॉक्टरांच्या खोलीचं दार वाजलं आणि शेजारी एक म्हातारं जोडपं बोलू लागलं.

"काय म्हणाले? बोला की हो!"

"पडदा शाबूत आहे, मालन. डोळे जात नाहीत."

"मग धूसर का दिसतंय?"

"शुगर वाढली की साखर डोळ्यातल्या भिंगात शिरते. तिथं तिची दुसरीच साखर बनते. ती लवकर बाहेर पडत नाही, उलट पाणी ओढून घेते. त्यानं भिंग फुगतं. शुगर उतरली की सूजही उतरेल."

"एवढंच?"

"एवढंच. पण शुगर अशीच राहिली तर पडद्यालाही धरेल, असं बजावलंय."

"मग गोळी रोज माझ्यासमोर घ्यायची."

"हौ, घेतो. लई परेशान होतो गं. अण्णांचे डोळे शुगरनं गेले, तसे माझेही जाणार, असं धरूनच चाललो होतो. पहाटे तू झोपेत असलीस की डोळे मिटून घरात फिरायची सवय करत होतो."

"ठाऊक आहे मला."

"तुला कसं ठाऊक?"

"एकदा तरी ठेचकाळलात का? वाटेतल्या खुर्च्या कोण बाजूला सारत होतं?"

वंदनाला मिटल्या डोळ्यांनीच हसू आलं.

"बरं, उठा आता. आणि डोळे उघडे ठेवून चला."