कुंकवाखालचं साल

इंदुताई : पोळ्याच्या आधी आलं ते पत्र. उद्या दसरा. उत्तर कधी धाडसान?

गुणवंतराव : लिहितोच आहे.

इंदुताई : लिवता अन् फाडता. नागभीडच्या वाचनालयात जनम गेला तुमचा, अन् दोन ओळी जमत नाई?

गुणवंतराव : त्यांना फक्त साल हवंय.

इंदुताई : कोनतं साल, ते मले अजून समजलं नाई.

गुणवंतराव : इंटरनेटवर मराठीचा कोश करताहेत ना, ते लोक. शब्दाखाली जुन्या पुस्तकातलं वाक्य द्यायचं, तर त्याची रीत ठरलेली आहे. आधी साल, मग पुस्तक, मग पान, मग वाक्य जसं छापलं तसं. शब्द एकमेकांना चिकटून छापले असतील तर चिकटूनच. 'बोडी'खाली त्यांनी लिहिलंय, लहान तळं; केवळ बोलण्यात, लेखी आधार नाही.

इंदुताई : गावोगावी बोडी हाय. आधार कायचा पाह्यजे?

गुणवंतराव : छापलेला. आणि तो माझ्या मांडीवर आहे. मासोळीवाल्या भागीरथाबाईंच्या घरचं हे जुनं शिळाछाप पुस्तक. 'गावाचेपूर्वेसबोडीअसावी.' हे वाक्य त्यांना कळवलं. ते म्हणतात, दिवाळीच्या आत साल कळवा, नाहीतर वाक्य काढून टाकू. मग आपल्याकडचं कधी कुणी लिहिलंच नव्हतं, असं होऊन बसेल.

इंदुताई : साल नाई छापलं त्याच्यात?

गुणवंतराव : छापलंय. पहिल्या पानावर, खाली. तिथं कोरी जागा दिसते म्हणून दर दसऱ्याला तिथंच कुंकवाचं बोट ठेवलंय त्यांनी. भिंग लावून पाहिलं, उन्हात धरून पाहिलं.

इंदुताई : मंग पुसू का म्हनून इचारा ना बाईले.

गुणवंतराव : कसं विचारू? पूजेतली वस्तू विश्वासानं दिली त्यांनी.

भागीरथाबाई : आहे का जी घरी? पोथी न्यायले आली. सकाळी जाळ्यासंगं पूजा राह्यते तिची.

इंदुताई : या बाई. टोपलं ठेवा खाली.

भागीरथाबाई : नाई, मासोळी बाजारात पोचवाची हाय. हात बी ओले. पोथी तुमीच पदरात टाका.

इंदुताई : ते पोथी नाई म्हनते हे.

गुणवंतराव : अगं...

भागीरथाबाई : नाई? मंग काय हाय, भाऊ?

गुणवंतराव : पोथीच समजा.

भागीरथाबाई : समजा काऊन? सांगा ना.

गुणवंतराव : बोडी कुठं खोदावी, पाळ कुठून फुटते, मासोळीचं बी कधी सोडावं, त्याचं पुस्तक आहे.

भागीरथाबाई : अन् आमी त्याले नारळ फोडून राह्यलो.

इंदुताई : आता काय करसान?

भागीरथाबाई : काय करीन? मासोळीचं निघालं, म्हंजे आमचीच पोथी झाली. फोडू नारळ.

इंदुताई : अजून एक हाय. तुमचं कुंकू पुसलं तर खालचं साल दिसन. तेवढ्यासाठी ह्यायचं काम अडलं. तुमाले इचारायले भेतात.

भागीरथाबाई : पुसा ना मंग.

गुणवंतराव : काय म्हणालात?

भागीरथाबाई : पुसा म्हनलं. सासू असती तं नाई म्हनली असती. तळाले तिचंच बोट हाय, वरतं माह्यं. फोटो नाई काढला तिचा कोनी, तेवढंच राह्यलं तिचं. पन तुमचं काम अडलं ना.

इंदुताई : घ्या. कापूस आनू?

गुणवंतराव : नको.

इंदुताई : आता काऊन?

गुणवंतराव : बाई नाही म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. तसं कळवून मोकळा झालो असतो.

इंदुताई : म्हंजे बाईवर ढकलाचं होतं तुमाले.

गुणवंतराव : हो.

भागीरथाबाई : ढकला. मले काय होते? ते कुठी मले वळखते?

गुणवंतराव : आता नाही ढकलता येत. तुम्ही हो म्हणालात.

भागीरथाबाई : पन त्यायले साल काऊन पाह्यजे?

गुणवंतराव : शब्द किती जुना, ते कळावं म्हणून.

भागीरथाबाई : मंग सांगा, सासू नवरी होऊन आली तवा पोथी घरातच होती. पहिल्याच दसऱ्याले तिनं बोट ठेवलं.

गुणवंतराव : सालाच्या चौकोनात हे बसत नाही, बाई. तिथं आकडाच लागतो.

भागीरथाबाई : पत्रात बसते?

गुणवंतराव : पत्रात... बसेल.

इंदुताई : मंग लिवा. बाई हाय तोवर लिवा.

गुणवंतराव : 'महोदय, साल कुंकवाखाली आहे. ज्या बाईंच्या घरचं हे पुस्तक, त्यांच्या सासूबाईंच्या बोटाचं ते कुंकू आहे. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा पुस्तक घरात होतं. पुसायला परवानगी मिळाली आहे. मी पुसणार नाही.'

इंदुताई : 'मी' लिवलं?

गुणवंतराव : लिहिलं.

इंदुताई : वाक्य काढून टाकतीन ते.

गुणवंतराव : बहुतेक काढतील.

इंदुताई : मंग द्या इकडे. तुमच्यापाशी राह्यलं तर हेबी फाडसान. बाई, बाजाराच्या वाटेवर पोस्टाची पेटी लागते तुमाले.

भागीरथाबाई : द्या, कंबरेले खोचा. बाजारात टोपलं उतरवतो, बोअरिंगवर हात धुतो अन् मंग पोथी न्यायले येतो.

(तासाभरानं. फाटकाची कडी वाजते.)

गुणवंतराव : टाकलं, बाई?

भागीरथाबाई : टाकलं.

गुणवंतराव : नीट आत गेलं? कधी कधी तोंडाशीच अडकतं.

भागीरथाबाई : पडल्याचा आवाज आला जी. पेटी रिकामीच होती.