रखमाबाईंचा नाजूक मधु

लिहिलंत ना गोवर? — आता पुढे लिहा, डांग्या खोकला. कावीळ दोनदा. नाही, तीनदा लिहा — अहो, कागदावर जागा आहे तर कंजूषी कशाला? तुमच्या मेडिकल कॉलेजला माणसांचे लहानपणचे आजार हवेत ना, मग डोंबिवलीत अगदी योग्य घरी आलात डॉक्टरीणबाई. आमच्या आळीत कुणालाही विचारा, रखमाबाईंचा मधु म्हणजे जन्मापासून नाजूक. — हसू नका हो, हे पोट नंतरचं आहे. म्हणून तर मी जड उचलत नाही. लग्न ठरतानाच सासऱ्यांच्या कानावर घातलं होतं. स्वराज्य येऊन सहा वर्षं झाली तरी आळीत नळ नाही, विहिरीवरून रोज बारा कळश्या — सरोजच आणते बिचारी, चौदा वर्षं झाली. मला फार वाईट वाटतं हो, खिडकीतून बघत असतो ना मी.

खात्री? खात्री कसली, मला आठवतंय की! अंगभर गोवर, गादीवर कडुलिंबाचा पाला, उशाशी बेदाण्यांची वाटी. बेदाण्यांची चवसुद्धा आठवते. — बरं, आईलाच विचारू, आतच आहे. आई, सांग गं यांना माझ्या गोवराचं! — काय? तो बाळ होता? काकांचा बाळ? मग मी कुठे होतो? — त्याचे बेदाणे खात होतो?

अगं पण खोकला? कावीळ? तूच साऱ्या आळीला सांगायचीस ना, पोराच्या अंगी काही लागत नाही म्हणून! — दृष्ट लागेल म्हणून? गुटगुटीत होतो म्हणून खोटं सांगायचीस? अगं, मग मला तरी खरं सांगायचंस! — हो, मी गावभर फुशारकी मारली असती, तेही खरंच. पण आता अडतीस वर्षांचा झालो गं! — अजून लागते दृष्ट?

अहो, खोडताय काय सगळंच? एक कावीळ तरी राहू द्या! आणि हळू बोला जरा, सरोज मागच्या दारी — सरोज, तू कधी आलीस? काही नाही गं, यांचं आपलं शास्त्रीय काहीतरी — कळशी माझ्यासमोर का ठेवलीस? दुसरीपण? अगं, आणि ही चुंबळ माझ्या हातात कशाला?

डॉक्टरीणबाई, या तुम्ही आता. — थांबा, जाता जाता एवढंच सांगा, ही चुंबळ डोक्यावर ठेवतात ती नक्की कुठल्या बाजूने?