चऱ्हाटाचं दुसरं टोक

विहारात जमलेल्या माझ्या माणसांनो, परवा अप्पा गेले. त्यांच्यावर मी बोलावं, असं त्यांच्या मुलानं, दिगूनं सांगितलं. मी नको म्हणाले. तो म्हणाला, "ताई, शिकलेली तूच हायस." तेच तर अवघड आहे.

आपली गावाकडची वसाहत इथल्या पोरांनी पाहिलेली नाही. सरकारनं जमीनदाराची जादा जमीन काढून आपल्या भूमिहीन घरांना दिली. चिठ्ठ्या टाकून. माझ्या वडिलांना सगळी काळीच जमीन आली, अप्पांना नुसता मुरमाड माळ. मग आपल्या माणसांनी काय केलं? चिठ्ठ्या बाजूला ठेवल्या. चऱ्हाट घेतलं आणि नव्यानं वाटणी केली. प्रत्येक घराला एक पट्टी काळी, एक पट्टी माळाची. चऱ्हाटाचं एक टोक अप्पांनी धरलं, दुसरं माझ्या वडिलांनी. सातबारा मात्र चिठ्ठीप्रमाणेच राहिला.

मी कॉलेजात होते. अप्पा म्हणाले, "लेकी, खरी वाटणी कशी हाय, तेवढा एक अर्ज लिहून दे." मी विसरले, असं इतकी वर्षं सांगत आले. काल जुनी डायरी काढली. त्या दिवशी लिहिलंय, 'अप्पा अर्जाचं म्हणाले. बघू.'

विसरले नव्हते. बघू म्हटलं होतं.

वडील गेले. भावानं सरकारी मोजणी मागवली. म्हणाला, "ताई, कागद आपला आहे." वारस म्हणून मी सही केली. हो, मी. मोजणीचे दगड अप्पांच्या काळ्या पट्टीत, उभ्या ज्वारीत रोवले गेले. नुसत्या माळावर भागेना, म्हणून अप्पा इकडे तुर्भ्याला मुलाकडे आले. गोदामावर राखण करू लागले.

एकदा माझ्या सीवूड्सच्या घरी आले. सोसायटीच्या गेटवर वॉचमननं रजिस्टर पुढे केलं. "हितंबी कागद?" अप्पा हसले. कोण लागता, विचारलं तर म्हणाले, "लिव्ह, शेताचा शेजारी."

वर आल्यावर मी काय बोलावं? माफी मागितली का? नाही. उलट त्यांनाच विचारलं, "वाटणी झाली तेव्हाच कागद का नाही केला, अप्पा?"

"दुसऱ्या टोकाला तुझा बाप होता की. कागद कशापायी?"

मी त्यांच्या चहात साखर ढवळत राहिले.

अप्पा, टोक आमच्या हातून सुटलं.

उठा, उभे राहू या. दोन मिनिटं गप्प. माझं मौन त्यात धरू नका. ते मी अप्पा असतानाच पाळलंय.