काजूचा चीक

रत्नागिरीच्या दवाखान्यात कमळाबाई बी.पी. दाखवायला बसल्या होत्या, पण कान शेजारच्या काकी-पुतणीकडे. पोरीचे ओठ सोलवटलेले, डोळे लालभडक.

“खरं सांग गो सानवी, आत्मारामदादांच्या बागेतली काजूची ओली बी दातांनी फोडलीस ना? तिच्या चिकानंच तोंड असं भाजतं.”

“नाही गो काकी.”

“मग डोळे कसे लाल झाले? त्याच हातांनी चोळलेस!”

“मला आठवडाभर खोकला होता. तापही होता.”

“खोकल्यानं कधी ओठ सोलवटतात? मला शिकवू नको. सगळी वाडी तुला चोर म्हणतेय.”

नंबर आला. दोघी आत गेल्या, दार उघडंच राहिलं.

“हा काजूचा चीक नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “छातीत जंतू शिरलाय, त्यानं कधी कधी तोंड-डोळेही असे येतात. हिच्याआधी घरात कोण खोकत होतं?”

“कोणी नाही,” काकी म्हणाली.

“खरं सांग, काकी.”

“माझं ते धुळीचं हो, बाई! महिनाभर आहे, पण…”

पुढे काकीला ढासच लागली.

कमळाबाई नाकाला पदर लावून बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला सरकल्या.